बॅटरी फोडू नका, मामू

गेल्या बकरी ईदला धनजला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. मामूंचा भंगाराचा धंदा आहे. त्यांचे तीन फेरीवाले कारंजा तालुक्यातल्या खेड्यांतून मोटारसायकलवर माल आणतात. रद्दी, पाण्याच्या बाटल्या, फुटके पाइप, जर्मनची भांडी, जळालेल्या मोटारींचं तांबं, फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे आणि बॅटऱ्या. ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या, आता ई-रिक्षाच्याही, पण सगळ्यात जास्त इन्व्हर्टरच्या. लोडशेडिंगनं गावाला दुसरं काही दिलं नसेल, बॅटऱ्या मात्र घरोघर दिल्या.

कोपऱ्यात मामूंचा नातू, वय अकरा, एक बॅटरी आडवी करून तिच्यातलं पाणी नालीत सोडत होता. पायात स्लिपर, हात उघडे. धंद्यात सगळे त्याला पाणीच म्हणतात. ते गंधकाचं ॲसिड असतं आणि वापरलेल्या बॅटरीतल्या ॲसिडात शिसंही उतरलेलं असतं. पाणी निथळलं की एक मोठा मुलगा कुऱ्हाडीनं वरचं झाकण फोडायचा, आतल्या प्लेटा काढून पोत्यात भरायचा. काळपट भुकटी खाली सांडायची. थोड्या वेळानं नातवानं हात पँटला पुसले आणि माझ्या ताटलीतला एक कबाब उचलला.

मी काही बोललो नाही. ईद होती, मामू मोठे होते, आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी याच शेडमधून भरली गेली होती. तेव्हा बोलायचं राहिलं ते इथं लिहितो आहे, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात असा एक मामू, चाचा किंवा खालू असणार. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. भंगार गोळा करणं आपण सोडायचं कारण नाही. ते फोडणं आणि जाळणं मात्र सोडलं पाहिजे. आणि हे उपदेश करून होणार नाही. मामूंच्या डोक्यावर ठोकवाल्याची उचल आहे, ती फिटल्याशिवाय होणार नाही.

आधी शिशाबद्दल. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास-पंचावन्न किलोची असते. त्यात पंधरा-वीस किलो ॲसिडचं पाणी, उरलेल्यात बहुतेक शिसं, आणि वरचं प्लास्टिक. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे त्याला कारखाना लागत नाही, लाकडाची भट्टी पुरते. म्हणूनच ते गल्लीत शिरलं. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. तिथं ते अनेक वर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं जुनं शिसं रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाला पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, रक्तदाब वाढतो. लहान मुलाचं नुकसान मेंदूत होतं आणि ते भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 मध्ये एक अहवाल काढला होता. जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा त्यांचा अंदाज. ही संख्या सुमारे 80 कोटी होते आणि त्यातली 27 कोटींहून जास्त मुलं एकट्या भारतातली. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल 2000 मध्येच बंद झालं. मग एवढं शिसं येतं कुठून? अहवालात रंग, मसाल्यांतली भेसळ, भांडी अशी बरीच कारणं आहेत. पण वरच्या क्रमांकाचं कारण म्हणजे उघड्यावर फोडल्या आणि वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या.

सेनेगलच्या डाकार शहराजवळ थिआरोय-सूर-मेर नावाची वस्ती आहे. मुसलमानांची, गरिबांची, आपल्यासारखीच. तिथल्या बाया जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या जागेवरची माती चाळून त्यातलं शिसं विकायच्या. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तिथं 18 लहान मुलं मेली. आधी कुणाला कारण कळेना. मग भावंडांचं, आयांचं रक्त तपासलं तेव्हा शिशाचा पत्ता लागला. माती चाळणाऱ्या बाईच्या पाठीला तिचं बाळ बांधलेलं असायचं.

आपल्याकडे इतक्या झटकन मुलं मरत नाहीत, म्हणून बोंब होत नाही. आपल्याकडे मूल सहावीत दोनदा नापास होतं. लक्ष लागत नाही, चिडतं, पोट दुखतं म्हणून घरी बसतं. मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात, घरचे म्हणतात याला पढाई जमायची नाही, धंद्याला लावा. आणि त्याला धंद्याला लावतात तो धंदा तोच. मुस्लिम मुलांच्या शाळागळतीवर आपल्या चळवळीत मी किती चर्चा ऐकल्या. गरिबी, उर्दू शाळांची अवस्था, नोकऱ्यांतला भेदभाव, सगळं खरं आहे. शिसं हा शब्द मात्र एकाही चर्चेत ऐकला नाही. नातवाला शिशाची बाधा झाली आहे असं मी म्हणत नाही, त्याचं रक्त तपासलेलं नाही. पण त्याच्यासारख्या मुलांचं रक्त कुणी तपासतच नाही, हीच तर गोष्ट आहे.

मी पुण्याकडे नोकरी करतो. इथून जवळच पिंपरी-चिंचवडमधली कुदळवाडी आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं तिथली भंगाराची गोदामं, दुकानं, छोटे कारखाने मिळून चार हजारांहून जास्त बांधकामं काही दिवसांत पाडली. त्यात मुसलमानांची संख्या मोठी होती. कारणं दिली गेली ती अशी: बांधकामं बेकायदा, वारंवार आगी लागतात, कचरा जाळतात, हवा आणि इंद्रायणी नदी खराब होते. त्याच्या जोडीला बांगलादेशी आणि रोहिंग्या हे शब्दही भाषणांतून फिरत होते. मी त्या वेळी तिथून दोनदा गेलो. लोक पत्र्यांच्या ढिगाऱ्यातून आपापला काटा, आपापलं कपाट शोधत होते.

त्यावर आपल्या गटांत जे लिहिलं गेलं ते अन्यायाबद्दल होतं, आणि ते लिहायलाच हवं होतं. इतक्या लोकांची रोजी अशी आठवड्यात उडवायची नसते. पर्यायी जागा द्यायला हवी होती, मुदत द्यायला हवी होती. पण एक गोष्ट आपण दबक्या आवाजात एकमेकांत बोललो आणि लिहिली नाही. धूर खरा होता. तिथल्या आगी खऱ्या होत्या. तो धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिथंच राहणाऱ्या आपल्याच मुलांच्या छातीत जात होता. ज्यांना आपल्याला हाकलायचं असतं त्यांना निमित्त हवं असतं, आणि ते आपण तयार करून ठेवलं होतं. म्हणून पाडापाडी न्याय्य ठरत नाही. पण पुढच्या कुदळवाडीच्या आधी आपल्या हातात काय आहे, हे बघायला हरकत नसावी.

विष बाहेरून आलं की आपल्याला लढता येतं, हे गोवंडीनं दाखवलं आहे. देवनारमध्ये मुंबईच्या दवाखान्यांचा कचरा जाळणारा प्रकल्प वर्षानुवर्षं चालू होता. शेजारी दाट वस्ती, क्षयाचे आणि दम्याचे पेशंट घरोघर. गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटीनं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयानं तो प्रकल्प दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. (खालापूरच्या लोकांनी काय पाप केलं हा प्रश्न राहतोच.) वस्तीतल्या साध्या माणसांनी केलेलं हे काम मोठं आहे. तिथं धूर दुसऱ्याचा होता, म्हणून मस्जिदीतही बोलता आलं. आपल्या मामूच्या भट्टीबद्दल कोण बोलणार?

बकरी ईदच्या आधी दरवर्षी पत्रकं निघतात. कुर्बानीचा कचरा उघड्यावर टाकू नका, पिशव्यांत बांधा, नाल्या तुंबवू नका. चांगलं काम आहे, आमच्या गावातही आता फरक दिसतो. जुम्याच्या बयानात त्यावर सांगतात. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करण्याबद्दलची हदीस तर आपल्याला मकतबमध्येच शिकवतात. मग त्याच नालीत वर्षाचे बारा महिने ॲसिड सोडतात, त्यावर एक ओळ का नाही? माझा अंदाज असा की आतडी दिसतात, वास मारतात आणि शेजारचे हिंदू काय म्हणतील याची आपल्याला काळजी असते. ॲसिड पाण्यासारखं दिसतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. जुन्या बॅटऱ्यांसाठी 2001 पासून नियम होते, त्यांच्या जागी ऑगस्ट 2022 मध्ये नवे नियम आले. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. दोन्हींचा गाभा एकच. ज्या कंपनीनं वस्तू विकली तिनंच ती परत गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडून तिचं रिसायकलिंग करवून घ्यायचं. प्रत्यक्षात कंपनी स्वतः गोळा करत नाही. रिसायकलर जेवढा माल गाळतो तेवढी प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतात आणि कंपनी ती विकत घेते. ई-कचऱ्यात कंपन्यांना 2023-24 साठी 60 टक्क्यांचं उद्दिष्ट होतं, 2027-28 पासून ते 80 टक्के होणार. सरकारनं या प्रमाणपत्रांसाठी घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना किलोमागे किमान 22 रुपये ठरवले, तेव्हा काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

म्हणजे पैसा आहे. तो कुणाकडून कुणाकडे जातो एवढंच बघायचं. ई-कचऱ्याच्या आधीच्या, 2016 च्या नियमांत संकलन केंद्र होतं, सुटे भाग करणारा डिसमॅन्टलर होता. नव्या नियमांत नोंदणी चौघांचीच आहे: बनवणारा, विकणारा, दुरुस्त करून परत विकणारा आणि रिसायकलर. दारोदार फिरून माल आणणारा माणूस त्यात नावानं कुठंही नाही. बॅटरीच्या नियमांत निदान गोळा करणाऱ्याचा उल्लेख आहे, तिथं मामू बसू शकतात. पण त्यांना तिथं कुणी बसवलेलं नाही. मी रोज फॉर्म बनवून पोट भरतो, त्यामुळे खात्रीनं सांगतो की ते पोर्टल बनवताना मामूंसारखा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

आणि गंमत अशी की गोळा करणं हेच या सगळ्या साखळीतलं सगळ्यात अवघड काम आहे. भट्टी उभारता येते, पैसा टाकला की यंत्रं येतात. पण धनजच्या एका घरातली एक मेलेली बॅटरी, दुसऱ्या घरातला फुटका टीव्ही आणि तिसऱ्या घरातले दोन मोबाइल गोळा करून एका ठिकाणी आणणं कुठल्याही कंपनीला जमलेलं नाही. ते मामूंच्या फेरीवाल्याला जमतं. कुणाच्या घरी काय बिघडलं हे त्याला माहीत असतं, तो उधारी ठेवतो, घासाघीस करतो, पावसात येतो. सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं होतं की मुसलमानांत नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून जास्त आहे. भंगारात दलित आहेत, भटक्या जमातींचे लोक आहेत, आणि आपणही मोठ्या संख्येनं आहोत. हे हुनर आहे. लग्न ठरवताना आपण मुलाचा बाप भंगारवाला आहे हे जरा हळू आवाजात सांगतो, ती लाजही जायला हवी.

सगळं विष फोडण्यात आणि जाळण्यात आहे. अख्खी बॅटरी आठ महिने शेडमध्ये सरळ उभी ठेवली तर ती कुणाला काही करत नाही. अख्खी केबल काही करत नाही, ती जाळून तांबं काढताना तिच्यावरच्या पीव्हीसीचा धूर विषारी होतो. ट्यूबलाइट फुटेपर्यंत तिच्यातला पारा आतच असतो. मग मामू बॅटरी फोडतात का? दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो तेव्हा धीर करून हे विचारलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी चहा सांगितला आणि हिशेब मांडला.

ठोकवाला म्हणतो पाणी काढून आण, मला पाण्याचं वजन नको. पाण्यासकट नेली तर तो वजन मनाला येईल तसं कापतो. शिवाय पंधरा-वीस किलो पाण्याचं भाडं कोण देणार? नोंदणीकृत कारखाना अख्खी बॅटरी घेतो, उलट त्याला अख्खीच हवी असते, कारण ॲसिडचं काय करायचं याची सोय त्याच्याकडे असते. पण तो गाडीभर मालाशिवाय गाडी पाठवत नाही, बिल मागतो, पैसे बँकेत टाकतो आणि तेही थोड्या दिवसांनी. मामूंकडे गाडीभर बॅटऱ्या जमायला चार-पाच महिने लागतात. तोवर फेरीवाल्यांना रोज सकाळी रोख पैसे द्यावे लागतात, त्याशिवाय ते गावात जाऊन माल उचलणार कसे? ते रोख पैसे ठोकवाला देतो. चाळीस हजारांची उचल आहे त्याची मामूंवर. उचल घेतली की माल त्यालाच द्यायचा, दर तो ठरवणार, दर आठवड्याला द्यायचा.

"बेटा, तू बोलता जहर है, मैं मानता. लेकिन आठ दिन माल रोका तो नवे दिन मेरे आदमी दुसरे के पास जाते," मामू म्हणाले.

मी बराच वेळ गप्प बसलो. मी जनजागृतीचं एक छान सादरीकरण मनात तयार करून गेलो होतो. हातमोजे, मास्क, शिशाचे दुष्परिणाम. त्यातलं काहीच कामाचं नव्हतं, कारण मामूंना दुष्परिणाम माझ्याइतकेच माहीत होते. त्यांच्या धंद्यातल्या दोघा म्हाताऱ्यांचे हात थरथरतात हे त्यांनीच मला सांगितलं.

आपणही साळसूद नाही. मी ज्या कंपनीत काम करतो तिथं दर वर्षी जुने लॅपटॉप गोळा करतात, केक कापतात, फोटो निघतात, रिसायकलिंगचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. तो माल गेट सोडल्यावर कुठं जातो असं मी एकदा विचारलं. उत्तर आलं, व्हेंडर बघतो. ज्यांना विचारलं त्यांनाही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरज वाटत नव्हती. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये काय झालं ते आठवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, कित्येक वर्षं न वापरता पडलेलं एक यंत्र लिलावात भंगारवाल्यांना विकलं गेलं. त्यात कोबाल्ट-60 होतं. ज्यांनी ते फोडलं त्यांना किरणोत्सर्गाची बाधा झाली, एक जण मेला, बाकीचे भाजून, केस गळून दवाखान्यात पडले. विकणारे विज्ञानाचे प्राध्यापक होते. ज्याच्या हातात हातोडा असतो त्याला आपण अडाणी म्हणतो. त्या पेटीत काय आहे हे ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनीच ती किलोवर विकली.

धनजमध्ये बॅटरीइतकाच दुसरा प्रश्न फवारणीच्या डब्यांचा आहे. आमच्याकडे सोयाबीन, कपाशी, तूर. पावसाळ्यात फवारण्या सुरू झाल्या की बांधावर, नाल्यात, विहिरीजवळ रिकाम्या बाटल्यांचा खच पडतो. कुणी डबा धुऊन टमरेल म्हणून वापरतो, कुणी त्यात रॉकेल ठेवायचा, आता डिझेल ठेवतो. उरलेले फेरीवाला प्लास्टिकच्या भावानं उचलतो आणि ते दुसऱ्या प्लास्टिकबरोबर दाण्याच्या कारखान्यात जातात. त्या दाण्यापासून पुढे काय बनतं ते विचारू नका. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर फवारणीचे किट, गॉगल, शिबिरं असं बरंच झालं. रिकाम्या डब्याचं काही झालं नाही.

कीटकनाशकांचे 1971 चे नियम सांगतात की रिकामा डबा परत वापरता येऊ नये म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावा. दर हंगामात किती डबे पुरणार आणि कुणाच्या शेतात? घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं यांची नावं घेतलेली होती, दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र करा असंही म्हटलं होतं. पण ते नियम शहरांसाठी, जनगणनेनं शहर मानलेल्या गावांसाठी, तीर्थक्षेत्रांसाठी वगैरे होते. साधं खेडं त्यात नव्हतं. कीटकनाशकांचे डबे सर्वांत जास्त जिथं रिकामे होतात तेच गाव नियमाबाहेर होतं! कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी विदर्भात बुटीबोरीला केंद्र आहे, पण धनजचा शेतकरी पोत्यात डबे भरून नागपूरला जाणार नाही.

ब्राझीलनं यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. तिथं 2000 साली कायदा झाला की शेतकऱ्यानं डबा तीनदा धुवायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, डब्याला भोक पाडायचं आणि वर्षभरात बिलावर लिहिलेल्या ठिकाणी परत करायचा. दुकानदारानं जागा द्यायची, कंपन्यांनी मिळून खर्च करायचा. तिथं शेतात वापरलेल्या अशा प्लास्टिकच्या डब्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत येतात. तीनदा धुतल्यावर डब्यातलं जवळजवळ सगळं औषध निघून जातं, वर ते शेतकऱ्याच्या कामी येतं, वाया जात नाही. आपल्याकडे कारंज्याच्या कृषी केंद्रांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही. डबे गोळा करायला माणूस लागेल, आणि तो माणूस गावोगाव आधीच फिरतो आहे.

परत मामूंच्या उचलीकडे येतो. चाळीस हजार रुपये. आपल्याकडे ईदगाहच्या भिंतीला, मस्जिदीच्या एसीला, जलशाच्या मंडपाला यापेक्षा कितीतरी जास्त जमतात. बैतुलमाल अनेक गावांत आहे, त्यातून विधवांना, शिक्षणाला, दवाखान्याला मदत होते. कर्जे-हसना म्हणजे बिनव्याजी कर्ज ही आपली जुनी रीत आहे. ठोकवाल्याची उचल फेडायला आणि चार महिने माल रोखून धरायला भंगारवाल्याला कर्जे-हसना द्यावं, अट एकच: बॅटरी फोडायची नाही, केबल जाळायची नाही, शेडमध्ये मूल दिसता कामा नये. पाच-सहा गावांच्या भंगारवाल्यांनी एकत्र माल ठेवला तर चार महिन्यांची गाडी तीन आठवड्यांत भरते. मग नोंदणीकृत रिसायकलरशी भाव करायला बसता येतं. बिल, जीएसटी, उद्यम नोंदणी, पोर्टल, हे मामूंचं काम नाही. ते तुमचं-माझं काम आहे. बीकॉम झालेली, एमसीए झालेली किती मुलं आपल्या मोहल्ल्यांत एमपीएससीची तयारी करत बसली आहेत. धातूच्या भंगारावर 18 टक्के जीएसटी आहे. ऑक्टोबर 2024 पासून बिगर-नोंदणीकृत माणसाकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावरचा कर घेणाऱ्यानं भरायचा आहे. एवढं समजावून सांगणारा एक माणूस तालुक्याला असला तरी ठोकवाल्याची निम्मी भीती जाते.

हे आपण पहिल्यांदा करतोय असंही नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य सभासद दलित बायका, उकिरड्यावर कचरा वेचणाऱ्या. त्यांनी आधी ओळखपत्र मिळवलं, मग 2008 मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि त्या घराघरांतून कचरा गोळा करू लागल्या. भांडणं आजही चालू आहेत, करार दर वेळी लटकतो. पण आता त्यांना कुणी कचरा वेचणारी म्हणून हुसकावत नाही. संघटना बांधायची असेल तर मुसलमान भंगारवाल्यांनी त्या बायकांकडे जाऊन बसावं, आपल्याच पुढाऱ्यांकडे गेलं तर सत्कार आणि शाल मिळेल.

काही जण म्हणतील की हे सरकारचं आणि कंपन्यांचं काम, गरिबाच्या डोक्यावर का टाकता. अगदी खरं. कंपन्यांनी बॅटरी विकताना तिचा शेवटही विकत घेतला पाहिजे, आणि त्यातले पैसे गोळा करणाऱ्यापर्यंत यायला हवेत. त्यासाठी भांडूच. पण भांडण निकाली निघेपर्यंत नातू तेरा वर्षांचा होईल.

मी आणि आमच्या बॅचच्या चार मुलांनी मिळून मामूंची उचल फेडली. बैतुलमालमधून नाही, कमिटीत अजून चर्चा चालू आहे. कारंज्याचे एक आणि कामरगावचे एक असे दोन भंगारवाले तयार झाले, तिसरे म्हणाले आधी तुमची गाडी येऊ द्या मग बघू. नोंदणीकृत कारखान्याशी बोलणं झालं आहे, त्यांना निदान तीन टन माल हवा. मामूंच्या शेडमध्ये सध्या एकवीस बॅटऱ्या अख्ख्या उभ्या आहेत, लाकडी फळ्यांवर, ताडपत्रीखाली. नातू शेडवर येत नाही, निदान मी फोन करतो तेव्हा तरी तसं सांगतात. ठोकवाला दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा भाव वाढवून गेला. मामू रोज रात्री इशाच्या नमाजनंतर फोन करतात आणि एकच विचारतात, "गाडी कब आ रही?"